बेटाला चारही बाजूंनी पाणी लागतं : किचनमध्ये आयलंड की पेनिन्सुला?

मावशीने मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हे बघ, मला असं करून दे." फोटोत एक ऐसपैस स्वयंपाकघर होतं. मधोमध पांढऱ्या दगडाचा ओटा, वर लोंबणारे तीन दिवे आणि ओट्यावर लिंबांनी भरलेला एकच वाडगा. ना कुकर, ना मिसळणाचा डबा, ना घासून उपडी घातलेली भांडी. मावशीचं किचन कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, ८ बाय १० फुटांचं. मी म्हटलं, "मावशी, हे मध्ये ठेवलं तर तुला स्वयंपाकाला हॉलमध्ये उभं राहावं लागेल."

घरांच्या आतली आखणी करणं हे माझं रोजचं काम, आणि हल्ली दर दुसऱ्या घरात हा फोटो पुढे येतो. हौस चुकीची नाही. भिंतीकडे तोंड करून एकटीने पोळ्या लाटण्यापेक्षा घराकडे तोंड करून काम करावं, पोरं समोर अभ्यासाला बसावीत, कुणीतरी शेंगा सोलायला हात लावावा, हे कुणाला नको असेल? पण आयलंड आणि पेनिन्सुला यात नेमका फरक काय, आपल्या घरात काय बसेल, आणि कोणत्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत, हे गिलावा फोडण्याआधी कळलेलं बरं.

शाळेतला भूगोल आठवा. चारही बाजूंनी पाणी ते बेट. तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूला जमीन ते द्वीपकल्प. आयलंड आणि पेनिन्सुला म्हणजे अगदी हेच. आयलंड सगळीकडून सुटा, पेनिन्सुला एका टोकाने भिंतीला किंवा मूळ ओट्याला चिकटलेला. आणि किचनमध्ये पाणी म्हणजे चालायची वाट. लोक विचारतात, ओटा किती मोठा घेऊ? विचारायचं हे की भोवती पाणी किती उरतं.

आता थोडा हिशोब. अमेरिकेतले किचन आखणारे एक मोजमाप पाळतात : एकच माणूस स्वयंपाक करत असेल तर दोन ओट्यांमध्ये ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट, दोघं असतील तर ४८ इंच, आणि जिथून नुसतं जायचं-यायचं आहे तिथे ३६ इंच. ही चैन नाही. खालची ट्रॉली पूर्ण ओढली की ती वीसेक इंच बाहेर येते. तिच्यातलं पातेलं काढायला वाकलेल्या माणसाला तेवढीच जागा लागते. झाले की साडेतीन फूट! तीन फुटांवर भागवणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे एकाने ट्रॉली उघडली की दुसऱ्याने हातात परात घेऊन थांबायचं.

समजा एकाच भिंतीला ओटा आहे. ओट्याची खोली २ फूट, मधली वाट साडेतीन, आयलंड अडीच, आणि त्याच्या पलीकडे जायला ३ फूट. बेरीज ११ फूट. दुसऱ्या दिशेने ४ फुटांचं आयलंड आणि दोन्ही टोकांना ३-३ फूट, म्हणजे १०. समोरासमोर दोन भिंतींना ओटे असतील तर ही रुंदी साडेतेरा फुटांवर जाते. आणि आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडनुसार, जेवणाची जागा वेगळी असेल तर किचन किमान ५ चौरस मीटरचं आणि १.८ मीटर रुंद असलं की पुरे. म्हणजे साधारण ५४ चौरस फूट आणि ६ फूट रुंदी. बिल्डरने तुम्हाला ८ बाय १० दिलं असेल तर त्याने उपकारच केले म्हणायचे. त्यात आयलंड बसत नाही. बसवलं तर ते बेट न राहता धक्का होतो, येता-जाता कंबरेला लागणारा.

पेनिन्सुलाची एक बाजू बांधलेली, म्हणून एक वाट वाचते. तीन फूट! फ्लॅटमध्ये तीन फूट म्हणजे फ्रिजची जागा.

भिंत पाडता येते का?

बहुतेक फ्लॅटमध्ये हा विषय किचन आणि डायनिंगमधली भिंत पाडण्यापासून सुरू होतो. जुन्या इमारतीत ही भिंत अनेकदा चार इंची विटांची असते, भार पेलणारे खांब आणि तुळया वेगळ्या असतात. अशी भिंत काढता येते. तरी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायची आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्यायची. ठेकेदार हातोडीने टकटक करून "काही होत नाही ताई" म्हणतो, ते पुरत नाही.

नव्या टॉवरमध्ये मात्र सावध राहा. बऱ्याच ठिकाणी आता मिवान पद्धतीने बांधकाम होतं. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. तिथे भिंत हाच खांब. ती पाडणं तर सोडाच, मोठं भोक पाडायचं म्हटलं तरी विचारावं लागतं. मिवानच्या घरात बिल्डरनेच किचन उघडं दिलं असेल तर पेनिन्सुला, नाहीतर आहे त्या ओट्यात समाधान मानायचं.

मावशीची भिंत चार इंची निघाली. ती काढल्यावर ८ बाय १०चं किचन आणि ८ बाय ९चं डायनिंग मिळून ८ बाय १९ची लांबट जागा झाली. लांबी भरपूर, पण रुंदी तेवढीच. २ फूट ओटा आणि साडेतीन फूट वाट गेली की उरतात अडीच फूट. तेवढ्यात आयलंड आलं असतं, पण त्याच्या पलीकडे पाणी नाही. म्हणून जिथे भिंत होती त्याच रेषेवर आम्ही ओट्याला काटकोनात पेनिन्सुला काढला.

त्रिकोण आणि पोळपाट

किचन मोजून-मापून आखायची कल्पना फार जुनी नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक किचन आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकाच्या डब्यासारखं, सगळं हाताच्या अंतरावर. अशी हजारो किचनं बांधली गेली. पावलं वाचली, पण बाई चार भिंतींत एकटी पडली, अशी टीका नंतर झाली. आजच्या उघड्या किचनचा ओढा कुठून आला ते यावरून समजतं.

पुढे अमेरिकेत गॅस, सिंक आणि फ्रिज यांचा 'त्रिकोण' आला. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्ही मिळून २६ फुटांच्या आत. इंटिरिअरवाले हा त्रिकोण कागदावर काढून दाखवतात आणि आपण मान डोलावतो. माझी एक तक्रार आहे. या त्रिकोणात पोळपाट नाही.

आपल्याकडे सकाळी तासभर जे काम चालतं ते बघा. डाव्या हाताला कणकेची परात, पुढ्यात पोळपाट, उजवीकडे तवा, त्यापलीकडे पोळ्यांचा डबा. लाटलेली पोळी तव्यावर टाकायची आणि ती उलटेपर्यंत पुढचा उंडा घ्यायचा. यात एक पाऊलही उचलायचं नसतं, फ्रिज तर लागतच नाही. पोळपाट आयलंडवर आणि तवा मागच्या ओट्यावर ठेवला की प्रत्येक पोळीला गर्रकन वळायचं. वीस पोळ्यांना चाळीस गिरक्या. म्हणून पेनिन्सुला घ्या नाहीतर आयलंड, गॅसच्या शेजारी त्याच ओट्यावर किमान दीड-दोन फूट मोकळी जागा ठेवा. ती मिक्सरला देऊ नका. (आणि डावखुऱ्या माणसाच्या घरी हे सगळं उलट करायचं, हे मी एकदा विसरले होते. अजून ऐकून घेते.)

ओलं आणि कोरडं

मग नव्या ओट्यावर करायचं काय? माझं सरळ मत : तो कोरडा ठेवा. भाजी निवडणं, चिरणं, पीठ मळणं, डबे भरणं, ताटं वाढणं, दिवाळीला करंज्या. एकीने लाटायचं, दुसरीने सारण भरायचं, धाकटीने कातण्याने कडा कापायच्या. दोन्ही बाजूंनी हात पोचतात, म्हणून या कामाला असा ओटा भिंतीच्या ओट्यापेक्षा दसपट बरा. गॅस आणि सिंक मात्र भिंतीलाच राहू द्या.

सिंकचं कारण उताराचं आहे. सांडपाण्याच्या नळाला साधारण ४० फुटांत १ फूट उतार लागतो. सांडपाण्याचे नळ खाली उतरतात त्या भिंतीतल्या शाफ्टपासून आयलंड ८ फूट लांब असेल, तर नुसता उतारच अडीच इंचांच्या आसपास होतो. त्यात दोन इंची नळ, म्हणजे साडेचार इंच खोली झाली. फ्लॅटच्या किचनमध्ये फरशी आणि स्लॅब यांच्यामध्ये एवढी जागा सहसा नसते. मग एकतर किचनची जमीन पायरीएवढी उचलायची, नाहीतर खालच्या घराच्या छतातून नळ काढायचा. पहिल्यात ठेच लागते, दुसऱ्यात भांडण. बंगला बांधत असाल आणि नळ आधीच टाकून घेणार असाल, तर आयलंडवर सिंक खुशाल घ्या. पेनिन्सुलाचं तसं नाही. त्याचं एक टोक भिंतीत असल्यामुळे नळ आणि वायर कपाटाच्या मागून नेता येतात.

गॅसची गोष्ट धुराची. भिंतीवरच्या चिमणीला मागून भिंतीचा आडोसा असतो. आयलंडवर छताला टांगलेल्या चिमणीला चारही बाजू उघड्या. पंखा लावला, खिडकी उघडली की फोडणीचा धूर चिमणीला चुकवून हॉलकडे निघतो. म्हणून तिथे शेगडीपेक्षा मोठी आणि जास्त ओढीची चिमणी लागते. तिची नळी फॉल्स सीलिंगवरून लांबवर न्यावी लागते, आणि प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. सुक्या बोंबलाच्या दिवशी याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. शिवाय तळणाची कढई मधोमध, आणि पलीकडच्या बाजूने लहान मूल हात घालू शकतं. हे एकच कारण मला पुरतं.

सिलिंडर असेल तर आणखी एक. रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंतची सुरक्षा नळी दीड मीटरपर्यंतचीच ठेवायची, आणि ती भिंतीतून किंवा फरशीखालून न्यायची नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो कपाटाच्या तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाजवळ जाळी हवीच. पाइपातून येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. तिथे जाळी वरच्या बाजूला हवी. दोन्हीची गल्लत करू नका, आणि पेनिन्सुलाच्या बंद कोपऱ्यात सिलिंडर तर कधीच ठेवू नका. पाइपाच्या गॅसची लाइन हलवायची असेल तर ती गॅस कंपनीच्याच माणसाकडून.

गॅस आणि सिंक जागचे हलले नाहीत, की आग्नेय-ईशान्येचा वादही घरात उठत नाही. हा फायदा नकाशात दिसत नाही.

उंची

ओट्याची उंची कॅटलॉगमधून घेऊ नका. परदेशी मोजमाप ३६ इंचांचं असतं, ते तिथल्या उंचीच्या माणसांसाठी. सरळ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. मावशी पाच फुटांची. तिचं कोपर ३८ इंचांवर, म्हणजे ओटा ३२ ते ३४. आम्ही ३४ घेतला. लाटताना खांदे वर चढले तर उंची जास्त झाली असं समजायचं. घासताना पाठ वाकली तर सिंकचा भाग कमी पडला.

बसायच्या बाजूचा घोळ याहून मोठा. फोटोत ४२ इंचांचा कट्टा आणि उंच स्टुलं दिसतात. मावशीच्या घरी काका ७२ वर्षांचे, गुडघे दुखरे. ते स्टुलावर चढणार नाहीत, आणि चढले तर उतरणार कसे? म्हणून कपाटाचा ओटा ३४ इंचांवर ठेवून त्याच्या डायनिंगकडच्या अंगाला चार इंच खाली, ३० इंचांवर दुसरी फळी काढली. टेबलाचीच उंची, म्हणजे घरातल्या साध्या खुर्च्या चालतात. या उंचीला गुडघ्यांसाठी १८ इंच खोली लागते. ३६ इंचांच्या ओट्याला १५ आणि ४२च्या कट्ट्याला १२ पुरतात, कारण उंच बसलं की पाय खाली सोडलेले असतात. प्रत्येक माणसाला रुंदीत २४ इंच. पाच फुटांत दोघं आरामात. "तिघं बसतील" म्हणणाऱ्याला त्या तिघांत बसवून बघा.

ग्रॅनाइट १८-२० मिलिमीटर जाडीचं असतं. ते सहा इंचांपेक्षा जास्त अधांतरी सोडलं तर खालून लोखंडी ब्रॅकेट किंवा पाय द्यावा लागतो. त्यावर कुणी बसणार नाही असं समजून चालू नका. गणपतीत घरात पोरं जमली की कुणीतरी बसतंच.

विजेचे पॉइंट फरशी बसण्याआधी ठरवायचे. मिक्सरला ६ अँपिअरचा चालतो. इंडक्शन, ओव्हन, मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा हवा. पेनिन्सुलावर पॉइंट आडव्या फळीवर घेऊ नका, ताकाचं भांडं लवंडायला वेळ लागत नाही. ओट्याच्या काठाखाली, कपाटाच्या बाजूला घ्या.

खोक्यांचा प्रयोग

नकाशावर सगळं बसतं. म्हणून मी प्रत्येक घरी एक बिनखर्चाचा प्रयोग करायला लावते. भिंत पाडून झाली, राडारोडा उचलला, की जमिनीवर रद्दी पेपर चिकटवून नवीन ओटा आखायचा. मग त्यावर पुठ्ठ्याचे खोके रचून खऱ्या उंचीपर्यंत आणायचे आणि दोन दिवस तसंच राहायचं. स्वयंपाक करायचा, पाहुण्यांना चहा द्यायचा, कचऱ्याची बादली बाहेर न्यायची.

मावशीकडे पेनिन्सुला आधी साडेपाच फुटांचा आखला होता, म्हणजे समोरच्या भिंतीपर्यंत अडीच फूट वाट उरत होती. मावशीला चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या ताई आल्या. त्यांची भांडी घासायची जागा किचनच्या पलीकडे, ड्राय बाल्कनीत. हॉलमधली रात्रीची ताटं, कुकर, पातेली सगळं टोपल्यात भरून त्या दोन्ही हातांनी उचलून निघाल्या आणि खोक्यांच्या कोपऱ्यावर टोपलं आपटलं. वरचा खोका पडला. ताई म्हणाल्या, "इथं दगुड आसता तं माझी बोटं ग्येली आसती." आम्ही पेनिन्सुला सहा इंच कापला, वाट तीन फुटांची केली, आणि दगडाचा कोपरा गोल घासून घेतला. त्या घरात सर्वांत जास्त फेऱ्या ताईंच्या, आणि माझ्या नकाशात त्या नव्हत्याच.

याच प्रयोगात फ्रिज बाहेर आला. आधी तो किचनच्या आतल्या टोकाला होता. काका आणि नातवंडं गार पाण्यासाठी दर पंधरा मिनिटांनी आत शिरत आणि तव्यापाशी मावशीला सरकावं लागे. आता तो पेनिन्सुलाच्या तोंडाशी, डायनिंगच्या अंगाला आहे. पाणी पिणारा आत येत नाही आणि स्वयंपाक करणारीला दोन पावलांत दूध मिळतं.

राहिला तो कोपरा. ओटा आणि पेनिन्सुला काटकोनात मिळतात तिथे आतल्या बाजूला दोन बाय दोन फुटांची जागा मरते, ट्रॉली तिथे पोचत नाही. त्यासाठी फिरत्या जाळ्या मिळतात, त्या महाग असतात आणि वजनाने कुरकुरतात. पेनिन्सुलात याला एक साधी युक्ती आहे, जी भिंतीच्या एल ओट्यात सहसा जमत नाही. त्या कोपऱ्याचं दार पाठीमागून, डायनिंगच्या बाजूने काढायचं. आत वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या वस्तू ठेवायच्या. मावशीने तिथे सोऱ्या, मोदकपात्र आणि पुरणयंत्र ठेवलंय. दार फळीच्या खाली येतं आणि तिथेच काकांची खुर्ची असते. त्यामुळे होळीच्या सकाळी काकांना पेपरसकट उठवल्याशिवाय पुरणपोळीची सुरुवात होत नाही.